परदेशातलं समर स्कूल आणि बोलण्याचं शिक्षण: नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांनी पैसे भरण्याआधी काय बघावं?

लातूरच्या घरातून निघताना पाहुणा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तो निघाला हे सगळ्यांना कळतं. कुणी उसने पैसे मागितले आणि समोरचा ‘बघू’ म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘नाही’ असतो, हेही शाळेत न शिकवता कळतं. पण याच घरातला मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याच्या आयटी कंपनीत लागतो आणि जर्मनीतल्या क्लायंटला कॉलवर ‘वुई विल सी’ म्हणतो, तेव्हा घोटाळा होतो. क्लायंट ते शब्दशः घेतो आणि आठवड्याने मेल करून विचारतो, बघितलं का?

इंग्रजी दोघांनाही येत होतं. अडलं ते दुसरीकडेच. या ‘दुसरीकडे’चा अभ्यास म्हणजे आंतरसांस्कृतिक संवाद, म्हणजेच क्रॉस-कल्चरल कम्युनिकेशन. त्याला व्यावसायिक संवादाची, म्हणजे मेल, मीटिंग, सादरीकरण, वाटाघाटी यांची जोड देऊन परदेशातली विद्यापीठं उन्हाळ्यात दोन ते सहा आठवड्यांचे कोर्स चालवतात. त्यांच्या जाहिराती आता नांदेड-लातूरच्या मुलांच्या मोबाइलवरही दिसतात. प्रश्न असा आहे की त्यातून मिळतं काय, आणि त्यासाठी घरच्यांनी काही लाख रुपये मोजावेत का?

हा विषय आला कुठून?

अमेरिकेचे मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल १९५०च्या दशकात तिथल्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवायचे. अधिकाऱ्यांना भाषा येत असूनही माणसं कळत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५९मध्ये त्यांचं ‘द सायलेंट लँग्वेज’ आलं. पुढे १९७६च्या ‘बियाँड कल्चर’मध्ये त्यांनी एक फरक मांडला, जो आजही प्रत्येक कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवला जातो. काही समाजांत अर्थ शब्दांत कमी आणि संदर्भात जास्त असतो. कोण बोललं, कुणासमोर बोललं, काय बोललं नाही, यावरून तो काढायचा. काही समाजांत मात्र जे सांगायचं ते शब्दांत सांगावं अशी अपेक्षा असते. आपला ‘बघू’ पहिल्या प्रकारातला, जर्मन क्लायंट दुसऱ्या.

दुसरं मोठं नाव डच संशोधक गीर्ट हॉफस्टेडे यांचं. त्यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांची सर्वेक्षणं तपासून १९८०मध्ये ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ हे पुस्तक लिहिलं. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातलं अंतर लोक किती मान्य करतात, याला त्यांनी गुण दिले. त्यात भारताला ७७, अमेरिकेला ४०, जर्मनीला ३५ आणि डेन्मार्कला फक्त १८ गुण आहेत. सरांच्या केबिनबाहेर चप्पल काढायची की नाही असा विचार करणाऱ्या मुलाला डॅनिश प्राध्यापक ‘मला नावाने हाक मार’ म्हणतात तेव्हा काय होत असेल, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

पण हे आकडे गीतेसारखे मानू नयेत. एका कंपनीतल्या नोकरदारांवरून अख्खा देश ठरवता येत नाही, ही टीका हॉफस्टेडे यांच्यावर पुष्कळ झाली आहे. दक्षिण मुंबई आणि देगलूर यांना मिळून एकच ७७ कसा लावायचा? चांगला कोर्स ही टीकाही शिकवतो. ‘जपानी असे असतात, अमेरिकन तसे असतात’ एवढंच शिकवणारा कोर्स म्हणजे पैसे देऊन घेतलेले गैरसमज.

किल्लारीत हे आधीच घडलंय

हा विषय कॉर्पोरेट ऑफिसापुरता वाटत असेल तर लातूर जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली.

अनेक नवी गावं शहरातल्या कॉलनीसारखी आखली गेली. सरळ रुंद रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा. आराखडा काढणाऱ्यांच्या नजरेत ते सुरक्षित आणि नीटनेटकं होतं. पण माळवदाच्या वाड्यात, भावकीच्या गल्लीत राहिलेल्या माणसाला जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, शेजारी कोण, हे प्रश्न होते. दोन्ही बाजू मराठीतच बोलत होत्या, तरी एकाचं ‘घर’ आणि दुसऱ्याचं ‘घर’ एक नव्हतं.

जिथे गाव हलवायचं नव्हतं, तिथे घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. या टप्प्यावर ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लोकसहभागाचं काम मिळालं. हजारावर गावांतल्या महिला मंडळांमधून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. सरकारी योजना काय आहे, इंजिनिअर काय म्हणतो, पैसे कोणत्या टप्प्यात मिळणार, हे त्या घराघरांत समजावायच्या आणि घरांची अडचण अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या. २००१मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर भागातल्या बायका तिथे जाऊन गुजराती बायकांशी आपला अनुभव बोलून आल्या. भाषा वेगळी, पण पडलेल्या घराचा अनुभव सारखा. परदेशी विद्यापीठात जे भूमिकानाट्य करून शिकवतात, ते या बायकांनी ढिगाऱ्याशेजारी उभं राहून केलं होतं. आपल्याकडच्या संवादकौशल्याच्या अभ्यासक्रमांत या कामावर एक प्रकरण असायला हरकत नव्हती.

मग कोर्समध्ये करतात काय?

वर्गात वीस-पंचवीस मुलं आणि आठ-दहा देश. व्याख्यान कमी, गटात काम जास्त. ब्राझीलची मुलगी मध्येच तोंड घालते, जपानी मुलगा तिसऱ्या दिवशीही गप्प असतो, आणि तिघांना मिळून शुक्रवारी एक सादरीकरण द्यायचं असतं. खरं शिक्षण या खेचाखेचीत होतं. मतभेद कसा सांगायचा, ‘मला समजलं नाही’ हे वर्गात कसं म्हणायचं, बॉसची चूक मेलमध्ये कशी दाखवायची.

आपल्या मुलांना धक्के बसतात ते छोट्या गोष्टींत. ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट’ने सुरू होणारा आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ने संपणारा मेल तिथे कुणी वाचून पुरा करत नाही. ‘मी २०२४ला पासआउट झालो’ म्हटलं तर समोरच्याला वाटतं, हा चक्कर येऊन पडला होता.

लातूर पॅटर्नने महाराष्ट्राला गुणवत्ता यादीतली मुलं दिली, आता नीटमधले डॉक्टर देतोय. त्या यशाला कमी लेखायचं कारण नाही. पण त्या दोन वर्षांत मुलाला चार पर्यायांतला एक निवडायची सवय लागते, तोंड उघडायची वेळ क्वचितच येते. पुढे नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळालेल्या मुलांनाही मुलाखतीत याच जागी ठेच लागू शकते.

‘समर’ म्हणजे आपला उन्हाळा नव्हे

युरोप-अमेरिकेतला समर म्हणजे जून ते ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा पेरण्या झालेल्या असतात आणि कॉलेज सुरू झालेलं असतं. पदवीच्या उन्हाळी परीक्षा अनेकदा मे-जूनपर्यंत रेंगाळतात. तेव्हा फी भरण्याआधी परीक्षेच्या तारखा आणि कोर्सच्या तारखा शेजारी मांडून बघायलाच हव्यात. प्रॅक्टिकलची तारीख पुढे ढकलली गेली तर विमानाचं तिकीट आपोआप पुढे जात नाही.

क्रेडिटचं गणित वेगळंच आहे. युरोपात पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट असतात, आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ४०. त्यामुळे तिथली संख्या इथे जशीच्या तशी बसत नाही. शिवाय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाने परदेशात स्वतःच्या हिमतीवर कोर्स केला, तर क्रेडिट आपोआप खात्यात जमा होत नाहीत. दोन संस्थांत करार असावा लागतो किंवा विभागाची मान्यता लागते. ती जाण्याआधी आणि लेखी घ्यावी. आल्यावर ‘सर, बघा ना’ म्हटलं की सर काय म्हणतील, ते वर आलंच आहे.

पैशांचं काय?

कोर्सची फी, राहणं, विमान, व्हिसा, विमा धरला तर तीन आठवड्यांचा खर्चही सहज लाखांत जातो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप परदेशातल्या पदव्युत्तर पदवीसाठी आणि पीएच.डी.साठी आहेत, उन्हाळी कोर्ससाठी नाहीत. त्यामुळे ‘स्कॉलरशिप करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला योजनेचं नाव आणि शासन निर्णय मागा.

पैसे न घालता, उलट मिळवून जाण्याच्या वाटा आहेत, पण त्या थोड्या वेगळ्या. कॅनडाच्या मायटॅक्स संस्थेची ग्लोबलिंक रिसर्च इंटर्नशिप १२ आठवड्यांची असते आणि भारतातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना खुली आहे. जर्मनीची डाड ही संस्था तिथल्या विद्यापीठांतल्या उन्हाळी भाषा-कोर्ससाठी शिष्यवृत्ती देते, मात्र जर्मन आधीच काही प्रमाणात यावी लागते. दोन्हीकडे विषय ‘संवाद’ नसला तरी परक्या देशातल्या माणसांसोबत काम करणं आलंच. कोर्सपेक्षा हा सौदा चांगला.

जाहिरात वाचताना एक शब्दाचा फरक नीट बघा. कोर्स विद्यापीठ घेतंय, की विद्यापीठाच्या इमारतीत भरतोय? उन्हाळ्यात वसतिगृहं आणि वर्ग रिकामे असतात, ते खासगी कंपन्या भाड्याने घेतात. अशा ठिकाणचा फोटो भारी येतो, पण गुणपत्रक त्या विद्यापीठाचं नसतं. ‘कोर्सनंतर अधिकृत गुणपत्रक कोण देणार?’ एवढा एक मेल केला की उत्तर मिळतं.

व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे. युरोपच्या शेंगेन देशांसाठी अल्पमुदतीच्या व्हिसाची फी जून २०२४पासून ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स साध्या व्हिजिटर व्हिसावर चालतो. अमेरिकेत मात्र पदवीसाठी क्रेडिट देणारा कोर्स पर्यटक व्हिसावर करता येत नाही, विद्यार्थी व्हिसाच लागतो. कुणी ‘टुरिस्टवर जाऊन कर, काही होत नाही’ म्हणालं तर ऐकू नका, पुढचे सगळे व्हिसा त्यात अडकू शकतात.

घरच्या घरी काय होऊ शकतं?

तिसऱ्या वर्षात असलेल्या, पुढे परदेशात एमएस किंवा एमबीए करायचं ठरलेल्या आणि घरी पैशांची ओढाताण नसलेल्या विद्यार्थ्याला असा कोर्स उपयोगी पडतो. तिथल्या वर्गाची सवय आधीच होते. पण सोनं गहाण ठेवून किंवा शेत विकून फक्त बायोडेटावर एक ओळ वाढवायची असेल, तर ती ओळ महागात पडते. मुलाखत घेणारा प्रमाणपत्र बघत नाही, बोलणं ऐकतो.

नांदेड तर या विषयाची चालती-बोलती प्रयोगशाळा आहे. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथे देह ठेवला. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून आणि ब्रिटन-कॅनडात वाढलेल्या शीख कुटुंबांतूनही लोक येतात. शहरात मराठी, दखनी उर्दू, पंजाबी, तेलुगू एकाच रस्त्यावर ऐकू येतात. धर्माबाद-बिलोलीकडे तेलंगणाची हद्द, उदगीरकडून कर्नाटक जवळ. विद्यापीठात माध्यमशास्त्राचं संकुल आहे, भाषा, वाङ्मय आणि संस्कृती अभ्यासाचंही आहे. टोरांटोहून आलेल्या आजोबांना आणि त्यांच्या नातवाला शहर फिरवून दाखवणं, मग दोघांनी विचारलेल्या प्रश्नांची नोंद करणं, हा प्रकल्प कोणत्याही कॉलेजला पुढच्या सत्रात देता येईल. त्याला व्हिसा लागत नाही.

ज्यांचं जायचं नक्की आहे त्यांच्यासाठी: पासपोर्ट दिवाळीच्या आत हातात हवा. बहुतेक समर स्कूलचे अर्ज जानेवारीच्या आसपास सुरू होतात, आणि वसतिगृहाच्या स्वस्त खोल्या आधी संपतात.