टाचदुखी आणि धावण्याचे बूट

सकाळी उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते, हे ‘प्लांटर फॅसायटिस’चे नेहमीचे लक्षण होय. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेल्या, पायाची कमान तोलून धरणाऱ्या जाड पट्ट्यावर वारंवार ताण पडल्याने हा विकार जडतो.

धावण्याचे बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभरात पाऊल किंचित सुजलेले असते. दोन्ही पावले मोजून मोठ्या पावलाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. टाचेकडील भाग भक्कम असावा आणि बूट मध्यभागी नव्हे, तर चवड्यापाशी वाकावा. साधारणतः ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यानंतर आतील गादी दबते. मग वरून नवा दिसला तरी बूट बदलावा.

कमानीला आधार देणारा इनसोल बसवताना मूळचा काढावा, अन्यथा बूट आवळतो. मापाने बनवून घेतलेला महागडा इनसोल तयार इनसोलपेक्षा सरस ठरतोच असे नाही. पोटरी व तळपाय ताणण्याचे व्यायाम मात्र चुकवू नयेत. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असल्यास ‘बूट लागत नाही’ या जाणिवेवर विसंबू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.