शोधशब्दांची कुळकथा

धान कापणीला येतं तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बांधीत ओल टिकून असते. त्या ओलीवर, उभ्या धानातच लाखोळी फेकली जाते. ही डाळ खावी की नाही, हा वाद जुना आहे. 1961 साली देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती 2008 साली उठवली. विज्ञान याबद्दल काय म्हणतं हे पाहायला एखादा विद्यार्थी आज वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची असलेलं पबमेड उघडतो, 'लाखोळी' हाच शब्द रोमन अक्षरांत टाकतो आणि हाती फारसं काही लागत नाही. असं का होतं हे कळायला पबमेडचं कूळ पाहावं लागतं.

त्याचं मूळ वॉशिंग्टनच्या एका लष्करी ग्रंथालयात आहे. जॉन शॉ बिलिंग्ज हे अमेरिकी सैन्यातले डॉक्टर तिथला कारभार पाहत. जगभरातून येणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकांतले लेख विषयवार नोंदवायचे असं त्यांनी मनावर घेतलं आणि 1879 मध्ये रॉबर्ट फ्लेचर यांच्यासह 'इंडेक्स मेडिकस' ही मासिक सूची सुरू केली. अडचण एकच होती: एकाच आजाराला दहा डॉक्टर दहा नावं देत. त्यावर 1960 मध्ये ठरावीक मथळ्यांची यादी तयार झाली. तिचं नाव 'मेश'. लेखकाने शब्द कोणताही वापरो, लेख नेमून दिलेल्या मथळ्याखाली जायचा. 1964 मध्ये हे काम संगणकावर गेलं, 1971 मध्ये ही संगणकावरची सूची 'मेडलाइन' या नावाने दूरवरून पाहता येऊ लागली आणि 1997 मध्ये पबमेड सर्वांना फुकट खुलं झालं.

म्हणजे लाखोळी तिथे आहेच, पण दुसऱ्या नावाने. वनस्पतीचं शास्त्रीय नाव 'लॅथिरस सॅटायव्हस', इंग्रजीत 'ग्रास पी', हिंदीत 'खेसारी', आणि महिनोन्‌महिने मुख्यतः हीच डाळ खाल्ल्यावर पाय ताठरतात त्या आजाराचा मथळा 'लॅथिरिझम'. ही सगळी नावं 'ऑर'ने जोडायची. मग 'अ‍ॅण्ड' टाकून पुढे 'इंडिया' किंवा 'महाराष्ट्र' लिहायचं. 'ऑर'ने जाळं रुंदावतं, 'अ‍ॅण्ड'ने आवळतं. नुसत्या मथळ्यावर विसंबू नये, कारण अगदी नव्या लेखांना आणि काही नियतकालिकांना मथळे लागलेले नसतात. मोहफुलांचंही तसंच. आजचं 'मधुका लाँगिफोलिया' जुन्या लेखांत 'मधुका इंडिका' किंवा 'बॅसिया लॅटिफोलिया' म्हणून भेटतं. गावांच्या बाबतीतही हे भान हवं. गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला. त्याआधीचा अभ्यास चंद्रपूरच्या, आणि त्याहून जुना 'चांदा' या नावाखाली शोधावा लागतो.

सगळी नावं घालूनही काही सापडलं नाही, तर तो विषय कुणी अभ्यासलाच नसेल, अशी शंका घ्यावी. गडचिरोलीत या शंकेला फार मोठा अर्थ आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये इथे 'सर्च' ही संस्था उभी केली. दवाखान्यात न येणाऱ्या खेड्यातल्या बायकांच्या दुखण्यांचं चित्र तेव्हाच्या वैद्यकीय साहित्यात जवळजवळ नव्हतंच. त्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. पूर्वी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. जानेवारी 1989 मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि कोऱ्या राहिलेल्या जागी गडचिरोलीच्या बायकांची नोंद झाली.

म्हणून चंद्रपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि गोंडवाना विद्यापीठातल्या मुलामुलींना सांगावंसं वाटतं: शोधाला बसण्याआधी आजीला, शेतकऱ्याला, वैदूला विचारून पदार्थाची सगळी नावं वहीत लिहा, मग शास्त्रीय नावं आणि मथळे जोडा. कोणते शब्द वापरले आणि कोणत्या तारखेला शोधलं, हेही टिपून ठेवा, म्हणजे दुसऱ्याला तोच शोध पडताळता येईल. सारांशावर थांबू नका. किती माणसं तपासली, कुठली, कशी, ते वाचा. आणि पडदा रिकामा दिसला, तर तो प्रश्न तुमचा आहे असं समजून गावाकडे निघा.