बौद्धिक संपदा विधिज्ञांच्या संघटना आणि त्यांचे परस्परसहकार्य
पेटंट देशापुरतेच वैध असते. संशोधन मात्र सीमा जुमानत नाही. या विसंगतीतूनच विधिज्ञांच्या संघटनांचे सहकार्य वाढत गेले. पॅरिस करारानंतर (१८८३) १८९७ मध्ये ‘एआयपीपीआय’ स्थापन झाली. तिचे मुख्यालय झुरिक येथे आहे. भारतासह अनेक देशांतील तिचे राष्ट्रीय गट एकाच प्रश्नावर आपापल्या कायद्याचा अहवाल देतात. त्यांवरून समाईक ठराव होतात. ‘वायपो’च्या जिनिव्हातील बैठकांत अशा संघटना निरीक्षक असतात.

नियमांतील तफावत मात्र कायम आहे. भारतातील रहिवाशाने विहित अपवाद वगळता पूर्वपरवानगीविना परदेशी अर्ज केल्यास पेटंट कायद्याच्या कलम ४० नुसार भारतीय अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. अमेरिकेतही स्वतंत्र परवानगीचा नियम आहे. म्हणून पुण्यात व अमेरिकेत सहसंशोधक असतील, तर अर्जापूर्वीच दोन्हीकडील विधिज्ञांचा सल्ला घेणे हिताचे ठरते.