फाटकाचा दांडा आणि मागून घुसणारी गाडी

संध्याकाळी सातच्या सुमारास पुण्यातील बाणेर, वाकड, खराडी येथील किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकाशी पाच मिनिटे उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. एका मोटारीच्या काचेवरील स्टिकर यंत्राकडून वाचला जातो, आडवा दांडा वर जातो, मोटार आत शिरते. दांडा खाली येण्यापूर्वीच मागची मोटार पहिलीच्या बंपरला जवळजवळ चिकटून पुढे सरकते. तिच्या आडोशाने एखादी दुचाकीही निघते. सुरक्षारक्षक हात वर करतो, शिट्टी वाजवतो. तोवर तिघेही वळणाआड गेलेले असतात. यातील बहुतेक वाहने तेथील रहिवाशांचीच असल्याने कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. मात्र आत कोण आले याची नोंद ठेवण्यासाठी संकुलाने उभारलेली सारी व्यवस्था त्या तीन-चार सेकंदांत निरुपयोगी ठरलेली असते.

या प्रकाराला इंग्रजीतून आलेला 'टेलगेटिंग' हा शब्द आता आपल्याकडेही रूढ झाला आहे. त्याचे अर्थ दोन. रस्त्यावर पुढच्या वाहनाच्या अगदी मागे चिकटून वाहन चालवणे, हा पहिला. सुरक्षाव्यवस्थेच्या परिभाषेत, परवानगी असलेल्या व्यक्तीच्या किंवा वाहनाच्या पाठोपाठ, स्वतःची ओळख न पटवता आत शिरणे, हा दुसरा. पुढच्याच्या संमतीने असे शिरले, तर त्याला 'पिगीबॅकिंग' असे वेगळे नाव आहे. गृहसंकुलाच्या फाटकावर हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. मागच्या चालकाने राखायचे अंतर हे येथे अपघात टाळण्याचेही साधन असते आणि सुरक्षेचेही. दांडा खाली येण्यास जागाच उरली नाही, तर दांडा असून नसल्यासारखा.

जुन्या वास्तुरचनाकारांनी हा प्रश्न चालकाच्या सौजन्यावर सोडला नव्हता. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या प्रचंड फळीत एक लहानशी दिंडी आहे. एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येऊ शकेल एवढीच. मुख्य दरवाजा बंद ठेवून दिंडीतून ये-जा होई, तेव्हा एकाच्या आडून दुसऱ्याने घुसण्याची सोय नव्हती. गडांवरील गोमुखी बांधणीच्या दरवाजांमध्येही वाट मुद्दाम वळवलेली असे, त्यामुळे येणाऱ्याला वेग कमी करावाच लागे. आजच्या संकुलाच्या फाटकाला मात्र सरळ, रुंद, डांबरी वाट हवी असते. मोटारी पटापट आत घ्यायच्या आणि अनोळखी मात्र कोणी येऊ द्यायचा नाही, अशा परस्परविरोधी अपेक्षा तिच्यावर लादलेल्या असतात.

यंत्राला काय कळते?

फाटकावरील दांड्याला, म्हणजे बूम बॅरियरला, डोळे नसतात. बहुतेक ठिकाणी रस्त्याला चर पाडून त्यात तारेचे काही वेढे पुरलेले असतात. त्यातून सौम्य विद्युतप्रवाह खेळत असतो. मोटारीचा धातूचा सांगाडा वर आला की या वेढ्याच्या विद्युतगुणधर्मात बदल होतो आणि नियंत्रकाला 'वाहन आहे' असा संकेत मिळतो. वाहन पुढे सरकले की संकेत थांबतो आणि दांडा खाली येतो. खाली वाहन असताना दांडा पडू नये, यासाठी ही योजना आहे.

नेमका याच सुरक्षिततेचा फायदा मागचा चालक घेतो. पहिली मोटार वेढ्यावरून पुरती उतरण्याआधी दुसरी त्यावर आली, तर यंत्राच्या लेखी दोन मोटारी नसतातच. एकच लांबलचक वाहन असते. दांडा वरच राहतो. ज्यांना दांड्याचा हा स्वभाव ठाऊक झाला आहे, असे चालक मग अंतर मुद्दाम राखत नाहीत.

दुचाकीचे गणित उलटे आहे. तिच्यात धातू कमी आणि तो वेढ्याच्या छोट्याशा भागावरच येतो. त्यामुळे अनेकदा यंत्राला दुचाकी जाणवतच नाही. मोटारीच्या मागून निघालेल्या स्काराच्या डोक्यावर किंवा खांद्यावर दांडा आदळण्याचे प्रकार घडतात, ते यामुळे. प्रकाशकिरणाचा अडथळा ओळखणारी जोडयंत्रणा बसवल्यास धोका कमी होतो. पण तिची काच धुळीने माखलेली असेल, तर तिचाही भरवसा नसतो. दुचाकींसाठी बाजूला वेगळी वाट ठेवणे हाच यावरचा खरा उपाय असून, जेथे जागा आहे तेथेही तो टाळला जातो, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

काचेवरील स्टिकरचेही थोडे समजून घ्यायला हवे. या चिपमध्ये बॅटरी नसते. वाचकयंत्राकडून येणाऱ्या रेडिओलहरींच्या ऊर्जेवरच ती काही क्षण जागी होऊन आपला क्रमांक कळवते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तोही याच तत्त्वावर चालतो, आणि काही संकुले आता वेगळा स्टिकर न देता फास्टॅगचाच क्रमांक नोंदवून घेतात. या लहरींना रांगेची शिस्त कळत नाही. दोन मोटारी चिकटून उभ्या असल्या, तर मागच्या मोटारीचा स्टिकर आधी वाचला जाणेही शक्य असते. मग पुढच्या पाहुण्याच्या मोटारीसाठी दांडा उघडतो आणि रहिवाशाच्या खात्यावर प्रवेश लागतो.

काही ठिकाणी 'अँटी-पासबॅक' नावाची सोय असते. जो स्टिकर आत आल्याची नोंद नाही, त्याला यंत्र बाहेर सोडत नाही. पुढच्याच्या मागून न नोंदवता आत आलेला रहिवासी दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात निघतो, तेव्हा दांडा उघडत नाही. मागे रांग लागते, हॉर्न वाजू लागतात आणि 'तुमची यंत्रणाच बिघडली आहे' असे रक्षकाला ऐकवले जाते. यंत्रणा बिघडलेली नसते. तिच्या हिशेबात ती मोटार अजून घरीच पोचलेली नसते.

अंतर किती असावे?

पुढच्या वाहनाने अचानक वेग कमी केला किंवा ते थांबले तरी धडक होणार नाही इतके अंतर मागच्या चालकाने राखावे, असा नियम १९८९ च्या रस्ता नियमावलीत होता. तिची जागा २०१७ च्या वाहनचालन नियमावलीने घेतली, तरी हे कर्तव्य कायम आहे. फाटकाशी वेग तो कितीसा असणार, असा प्रश्न येथे विचारला जातो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच मोटार स्वतःच्या लांबीहून अधिक अंतर कापून गेलेली असते. आणि फाटकाच्या आत लगेच काय असते? सायकल शिकणारी मुले, फेरफटका मारणारे ज्येष्ठ नागरिक, पाळण्यातल्या बाळाला घेऊन निघालेल्या बायका. पुढची मोटार अचानक थांबते ती बहुधा त्यांच्यासाठीच.

उभ्या रांगेत चालकांनी एक साधी खूण सांभाळावी. पुढच्या मोटारीची मागची चाके जेथे रस्त्याला टेकतात ती जागा आपल्या आसनावरून दिसली पाहिजे. ती दिसेनाशी झाली की आपण फार जवळ आलो. तळघरातून वर येणाऱ्या चढावर तर हे अंतर आणखी वाढवावे. चढावर थांबलेली मोटार पुन्हा निघताना हातभर मागे येतेच. नवशिक्या चालकाच्या हातून ती अधिकही येते. अशा वेळी मागे चिकटून हॉर्न वाजवणे म्हणजे त्याच्या हातून चूक घडवून आणणेच होय.

मध्ये सापडलेला माणूस

या सर्व प्रकारात सर्वाधिक कोंडी होते ती सुरक्षारक्षकाची. विनानोंद वाहन आत गेले, तर उद्या समितीपुढे त्यालाच उभे राहावे लागते. त्याने ते अडवले आणि आतला माणूस रहिवासी निघाला, तर 'मला ओळखत नाहीस?' हा प्रश्न ठरलेला. शेकडो सदनिकांच्या संकुलात, नुकत्याच बदलून आलेल्या रक्षकाने प्रत्येक चेहरा ओळखावा, ही अपेक्षाच विलक्षण आहे. बहुसंख्य रक्षक एजन्सीमार्फत नेमलेले, अनेकदा बारा तासांच्या पाळीत उभे आणि एका तक्रारीवर दुसऱ्या ठिकाणी पाठवले जाणारे. ज्यांच्या देखभाल शुल्कातून पगार होतो, त्यांनाच थांबवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवलेले असते. त्यामुळे व्यवहारात रक्षक कोणाला अडवतो? रिक्षातून येणाऱ्याला, घरकामाला येणाऱ्या बाईला, पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाला. मोठ्या मोटारीला तो सलाम करतो. मोटारीच्या आकारावरून विश्वास ठरवण्याची ही सवय रहिवाशांनीच त्याला लावलेली असते आणि बाहेरून येणाऱ्या लबाड माणसाला ती नेमकी ठाऊक असते.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. महाराष्ट्रात रक्षकांच्या नोकरीचे व कल्याणाचे नियमन करणारा १९८१ चा कायदा त्याहून जुना. परंतु यापैकी कोणत्याही कायद्याने रक्षकाला पोलिसांचे अधिकार दिलेले नाहीत. त्याने चावी काढून घेणे, जागेवर दंड मागणे योग्य नाही. वाहनाचा क्रमांक टिपून समितीला कळवणे एवढेच तो करू शकतो. पुढची कारवाई उपविधींनुसार, सदस्याला लेखी कळवून आणि त्याचे म्हणणे ऐकून व्हायला हवी. ते करण्याचे धैर्य समित्यांमध्ये क्वचितच आढळते, कारण घाईने घुसणाऱ्यांत समितीचे पदाधिकारीही असतात.

कायद्याचा आणखी एक पैलू चालकांनी ध्यानात घ्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील 'सार्वजनिक जागा' म्हणजे जनतेला प्रवेशाचा हक्क असलेली जागा. फाटकाच्या आतील रस्ता या व्याख्येत बसतो काय, यावर वाद होऊ शकतो. म्हणून आत सारे माफ, असा समज करून घेणे घातक ठरेल. निष्काळजीपणामुळे एखाद्याचा मृत्यू झाल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होते, आणि त्यासाठी जागा सार्वजनिक असण्याची अट नाही. पूर्वीच्या दंड संहितेतील कलम ३०४-अ खाली या गुन्ह्याला कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. आता सर्वसाधारणपणे ती पाच वर्षांपर्यंत असू शकते.

रांगेतील शिष्टाचार

फाटकाबाहेरची वागणूकही तितकीच महत्त्वाची. चार मीटर लांबीच्या पाच मोटारी योग्य अंतर राखून उभ्या राहिल्या, की रांग सहज तीस मीटरच्या आसपास जाते. अनेक संकुलांत फाटक थेट पदपथाला लागून असल्याने ती मुख्य रस्त्यावर येते. अशा वेळी अंतर कमी करून रांग आटोपशीर करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा पदपथाची जागा मोकळी सोडून थांबावे. चालणाऱ्याला दोन मोटारींमधून वाट काढायला लावू नये. आत येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, म्हणजे मागचा मुख्य रस्ता मोकळा होतो. बाहेर जाणाऱ्याला अर्धा मिनिट थांबण्याने फरक पडत नाही.

रात्री फाटकाशी येताच प्रखर दिवे मंद करावेत. दिव्यांच्या झोतासमोर उभ्या असलेल्या रक्षकाला ना क्रमांक दिसतो, ना चालकाचा चेहरा. काच खाली करून आतील दिवा क्षणभर लावला, तर बोलण्याचीही गरज उरत नाही. हॉर्नबद्दल बोलायचे, तर विनाकारण हॉर्न वाजवणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-एफ खाली पहिल्या वेळी एक हजार रुपये दंडाचा अपराध आहे. फाटकालगतच्या पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे कलम नक्कीच आवडेल. पाहुणे मागून येत असतील, तर त्यांना 'माझ्या मागोमाग या' असे सांगण्याऐवजी त्यांचा क्रमांक आधी कळवावा. आणि आपल्या मागून कोणी चिकटून येत आहे असे आरशात दिसले, तर दांड्यापलीकडे वेढा ओलांडून क्षणभर थांबावे. दांडा खाली येऊ द्यावा, मग पुढे जावे. मागचा चिडेल; त्याला चिडू द्यावे. रुग्णवाहिका वा अग्निशमन दलाचा बंब येत असेल, तर मात्र हे सारे नियम बाजूला ठेवून दांडा उघडाच राहिला पाहिजे आणि रांगेतील मोटारींनी कडेला सरायला हवे.

पावसाळ्यात वीज गेली आणि जनित्राचा पुरवठा फाटकापर्यंत आणलेला नसला, की दांडा हाताने फिरवून वर करावा लागतो किंवा तो तसाच वर सोडून दोरी बांधली जाते. रेनकोट घातलेला रक्षक एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात दोरी घेऊन प्रत्येक मोटारीसाठी ती सोडतो आणि पुन्हा बांधतो. दोरी पुन्हा बांधून होण्यास दहा-बारा सेकंद लागतात. मागच्या मोटारीने तेवढा वेळ जागेवर उभे राहायचे असते, कारण त्या अंधारात दोरीच्या पुढे रक्षक उभा आहे की मागे, हे तिच्या चालकाला दिसत नसते.