नागपुरांतील ऐक्य

ख्रिस्ती मंडळ्यांचें ऐक्य म्हणजे मतभेदांचा लोप, अशी समजूत रूढ आहे. इतिहास निराळें सांगतो. १९१९ सालीं तरंगंबाडी येथें अझरिया प्रभृतींनीं ऐक्याची हाक दिली. आपण न निर्माण केलेले, बाहेरून आलेले पंथभेद आपण कां वाहावे, हा त्यांचा प्रश्न होता. दक्षिणेंत १९४७ सालीं ऐक्य झालें. तें पाहावयास १९४५ सालीं निवर्तलेले अझरिया नव्हते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरांत उत्तर भारतांतील सहा मंडळ्या एक झाल्या. बाप्तिस्मा बालपणीं द्यावा कीं प्रौढपणीं, हा वाद बिकट होता. बाप्टिस्टांनीं बिशपांची व्यवस्था पत्करली. इतरांनीं त्यांची बाप्तिस्म्याची रीत आपल्या रीतीच्या जोडीस मान्य केली. एक मोठी मेथॉडिस्ट मंडळी मात्र अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिली. ऐक्यास एकमत लागत नाहीं. देवघेव मात्र लागते.