तळटीप : ग्वाल्हेरचा संघ

१. ग्वाल्हेरचे शिंदे आणि इंदूरचे होळकर, दोघेही मराठी संस्थानिक. रणजी करंडकात मात्र बरोबरी नव्हती. ग्वाल्हेरचा संघ १९४३-४४ मध्ये एकच सामना खेळला आणि दिल्लीकडून हरला. होळकरांनी पदरी बाळगलेल्या संघात कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर! १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत १० अंतिम सामने, ४ विजेतेपदे. तरीही पैशाने करंडक हमखास मिळत नाही : १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा केल्या, जिंकली मुंबईच. आज आयपीएलमध्ये संघाच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे, अमेरिकी बेसबॉलमध्ये जादा खर्चावर कर. तेव्हाच्या रणजीत दोन्ही नव्हते.