गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी : पॅप स्मिअरपासून एचपीव्ही चाचणीपर्यंत

गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाएकी होत नाही. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग अनेक वर्षे टिकून राहिला, तर गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलतात. त्यातून कर्करोग व्हायला साधारण 15 ते 20 वर्षे लागतात. या काळात बदललेल्या पेशी सापडल्या, तर साध्या उपचारांनी कर्करोग टाळता येतो. तपासणीचा उद्देश हाच असतो.

जुन्या पद्धती

पॅप स्मिअरमध्ये गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यासाठी प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात. व्हीआयए पद्धतीत गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावतात. दोषयुक्त भाग काही वेळात पांढरा दिसतो. ही पद्धत स्वस्त आहे, परंतु निष्कर्ष पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. भारतात 2016 च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार 30 ते 65 वयाच्या महिलांसाठी दर 5 वर्षांनी व्हीआयए तपासणी ठरवली आहे.

बदल का झाला?

या बदलामागे महाराष्ट्रातील एका अभ्यासाचा मोठा वाटा आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 महिलांचे चार गट करून पॅप, व्हीआयए आणि एचपीव्ही चाचणी यांची तुलना झाली; चौथ्या गटाला नेहमीच्याच आरोग्यसेवा मिळत होत्या. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौथ्या गटाच्या तुलनेत, एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे होते. इतर दोन चाचण्यांच्या गटांत तशी ठळक घट दिसली नाही. व्हीआयए मात्र निरुपयोगी नाही : मुंबईच्या वस्त्यांमध्ये ती दर 2 वर्षांनी केल्यावर मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले.

आता काय सुचवले जाते?

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली : 30 व्या वर्षापासून, दर 5 ते 10 वर्षांनी. एचआयव्हीबाधित महिलांसाठी 25 व्या वर्षापासून, दर 3 ते 5 वर्षांनी.

या चाचणीसाठी महिला स्वतःच योनीमार्गातून नमुना घेऊ शकते. चाचणी विषाणू शोधते, त्यामुळे थेट गर्भाशयमुखाच्या पेशी मिळाल्याच पाहिजेत असे नसते. पॅपसाठी असा नमुना चालत नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2017 मध्ये दर 2 वर्षांच्या पॅपऐवजी दर 5 वर्षांची एचपीव्ही चाचणी सुरू केली. जुलै 2022 पासून तेथे तपासणीस पात्र प्रत्येकीला स्वतः नमुना घेण्याचा पर्याय आहे. संकोच किंवा वेदनेच्या भीतीने तपासणी टाळणाऱ्यांसाठी हा बदल महत्त्वाचा ठरतो.

लक्षात ठेवण्याजोगे

- चाचणी पॉझिटिव्ह येणे म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग आपोआप जातात. मात्र पुढची तपासणी चुकवू नये. ती झाली नाही तर पहिल्या चाचणीचा उपयोग नाही.
- लस घेतलेल्या महिलांनाही तपासणी आवश्यक आहे.
- दोन पाळ्यांच्या मध्ये, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्तस्राव झाल्यास ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) भारतात 30 ते 49 वयोगटातील सुमारे 2 टक्के महिलांनीच ही तपासणी कधीतरी केली होती. त्यामुळे कोणती चाचणी उत्तम, याइतकाच ती महिलांपर्यंत कशी पोहोचते हा प्रश्न महत्त्वाचा आहे.